घानाला निघालेल्या मुलीला, तिथल्या तुझ्या वयाच्या मुलींविषयी

प्रश्न असा आहे : “ताई, दापोलीला कृषी पदवी घेतली. वय २५. घानात काजूबी खरेदी करणाऱ्या कंपनीत गुणवत्ता तपासनीस म्हणून नोकरी मिळते आहे. आईबाबा घाबरलेत. तिथे माझ्या वयाच्या मुली नोकरीकडे कशा बघतात, एकट्या फिरतात का, माणसं कशी आहेत, ते सांगाल का?”

मी वेंगुर्ल्याची. आमच्याकडे काजूचा छोटा कारखाना होता. गावची बी वर्षभर पुरत नाही, म्हणून लहानपणापासून घाना, बेनिन, आयव्हरी कोस्ट असे शिक्के मारलेली पोती बघितलेली. ती पोती जिथून येतात तिथे २०१३ मध्ये गेले आणि २०२४ पर्यंत राहिले. बहुतेक काळ टेचिमन आणि वेंची या भागात, उरलेला टेमा बंदरावर. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या एका मुलीमुळे कळलं, तेव्हा तिच्याबद्दलच सांगते. तिचं नाव लिहीत नाही, तिचं आयुष्य तिचं आहे. ती माझ्याकडे आली तेव्हा २२ वर्षांची होती, मी निघाले तेव्हा आमच्या खरेदीचा अर्धा पट्टा ती एकटी सांभाळत होती.

घानात पदवी झाली की एक वर्ष राष्ट्रीय सेवा करावी लागते. १९७३ पासूनची पद्धत आहे. सरकार सांगेल त्या गावी, सांगेल ते काम, तुटपुंज्या भत्त्यावर. कुमासीच्या विद्यापीठातून शेतीची पदवी घेतलेल्या या मुलीला वेंची जिल्हा मिळाला आणि तिथून ती आमच्या गोदामात आली. या एका वर्षामुळे तिथल्या शिकलेल्या मुलींना घराबाहेर, परक्या भाषेच्या मुलखात एकटीने खोली घेऊन राहायची सवय लागते. राजधानी अक्राची मुलगी उत्तरेला टमालेजवळ शाळेत शिकवते, उत्तरेची मुलगी किनाऱ्यावर दवाखान्यात काम करते. त्यामुळे ‘मुलगी एकटी कशी राहणार’ हा प्रश्न जितका आपल्याकडे घराघरात घोळतो तितका तिथे घोळत नाही. तिच्या आईचा प्रश्न वेगळा होता : “त्या गावात आपलं कोण आहे?” कोणी ना कोणी निघालंच. चर्चमधलं, नाहीतर मामाच्या ओळखीचं.

कामाचं म्हणशील तर उतारा काढण्याचा एक प्रसंग डोळ्यांसमोर आहे. तुलाही हेच करायचं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. एक किलो बी मोजून घ्यायची, किती नग भरतात ते लिहायचं, मग अडकित्त्यासारख्या कात्रीने एकेक बी दोन फाकांत कापायची. चांगला गर एकीकडे, डागी आणि अपुरा भरलेला दुसरीकडे, कुजका तिसरीकडे. चांगल्याचं पूर्ण वजन आणि डागीचं निम्मं धरून हिशेब करायचा. व्यापारात तो ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल असा सांगतात. किलोमागे २७२ ग्रॅम निघाला की उतारा ४८ आला. त्या भागात ४८ म्हणजे चांगला माल.

वेंचीजवळ एक म्हातारा शेतकरी १४ पोती घेऊन आला. बी ओली होती, हातात घेतल्यावरच कळत होतं. ही पोरगी कात्री घेऊन बसल्यावर तो उभ्यानेच म्हणाला, “काल जन्मलेली मुलगी माझ्या मालाला नावं ठेवणार?” मी पुढे होणार होते. तिने मला डोळ्यांनी थांबवलं. आधी त्याला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, घरची खुशाली विचारली, त्याने तिची विचारली. तिकडे याला पाच मिनिटं लागतात आणि ती कोणी वाचवत नाही. मग “नाना” अशी हाक मारून (नाना हा शब्द तिकडेही आदराचाच, वडीलधाऱ्यांसाठी आणि गावच्या मुखियांसाठी) तिने प्रत्येक बी त्याच्यासमोर कापली आणि तिन्ही ढिगातला गर त्याच्याच तळहातावर ठेवला. बोलली काही नाही. म्हातारा बराच वेळ हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, “चार दिवस वाळवून आणतो.” पाचव्या दिवशी आणली, उतारा ४७ निघाला. पुढची सगळी वर्षं तो माल फक्त तिच्याकडेच घालायचा. हे कौशल्य आपण दापोलीत शिकत नाही. ते तिला तिच्या आजीकडून आलं होतं, आजी टेचिमनच्या बाजारात याम हा कोनफळासारखा कंद विकायची.

हा बाजार समजल्याशिवाय तिथल्या मुलींचं नोकरीविषयीचं मत समजणार नाही. टेचिमन हा घानातल्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे काय किंवा अक्राच्या मकोला बाजारात काय, व्यापार बायकांच्या हातात आहे. एकेका मालाची एक प्रमुख बाई असते, टोमॅटोची वेगळी, यामची वेगळी. तिला ‘ओहेम्मा’ म्हणजे राणी म्हणतात. भांडण तीच सोडवते, आजारी पडलेल्या विक्रेतीसाठी वर्गणी तीच काढते. १९७९ मध्ये टंचाई आणि महागाईचं खापर या बायकांवर फोडून लष्करी राजवटीने मकोलाचा जुना बाजार पाडला. तरीही त्या परत येऊन बसल्या. ही आठवण घराघरात आहे. त्यामुळे बाईने कमावणं ही त्यांना नवी किंवा मिरवण्याची गोष्ट वाटत नाही. नवऱ्याची थैली वेगळी, बायकोची वेगळी, हे अकान या तिकडच्या मोठ्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. आपल्याकडे काही घरांत सुनेचा पगार सासूच्या हातात जातो असं मी सांगितलं, तेव्हा तिला आधी वाटलं की मला इंग्रजी शब्द सापडत नाहीये.

पण नोकरी मिळाली म्हणजे झालं, असंही त्या मानत नाहीत. “नोकरी ठीक आहे, पण तुझं काम काय?” असं एकमेकींना विचारतात. काम म्हणजे स्वतःचा धंदा. ही पगारदार मुलगी बहिणीबरोबर कापडाचे तागे आणून विकायची, सहा वारांचा तुकडा, व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना टाकून. (वार हे माप तिकडेही कापडाला लागतं, याची मला फार गंमत वाटली होती.) यामागे हौस नाही, अनुभव आहे. २०१९ मध्ये बँक ऑफ घानाने तीनशेहून जास्त सूक्ष्मवित्त कंपन्यांचे परवाने रद्द केले. तिच्या आईची बचत त्यातल्याच एका कंपनीत अडकली होती. डिसेंबर २०२२ मध्ये महागाई ५४ टक्क्यांवर गेली. पगार तोच, पावाची किंमत दर महिन्याला वेगळी. त्या महिन्यांत तिचं घर कापडाने तारलं.

बचतीसाठी सुसू आहे. आपली पिग्मीच म्हण ना. संकलक रोज दुकानाशी येतो, ठरलेली रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो. महिन्याच्या शेवटी सगळे पैसे परत, त्यातली एका दिवसाची रक्कम त्याची मजुरी. दहाबारा जणींनी मिळून पाळीने उचलायची सुसूही असते, म्हणजे भिशी. तुला कोणी बोलावलं तर नाही म्हणू नकोस. मी तीन वर्षं आमच्या गोदामातल्या बायकांच्या सुसूत होते आणि त्या गावात मला जी किंमत मिळाली ती कंपनीच्या ओळखपत्रामुळे नव्हे, त्यामुळे मिळाली.

आता प्रवास. घानाच्या इंग्रजीत ‘ती ट्रॅव्हल झाली’ म्हणजे ती परदेशी गेली, बहुधा राहायलाच. परदेशातून पैसा घेऊन आलेल्याला ‘बोर्गा’ म्हणतात. हा शब्द हॅम्बर्गवरून आला, कारण एके काळी अनेक घानावासी तिथे गेले होते. तिच्या वसतिगृहातल्या दोन मैत्रिणी परिचारिका होऊन ब्रिटनला गेल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या टंचाईमुळे जागतिक आरोग्य संघटनेने ज्या देशांत जाऊन भरती करू नये असं म्हटलं आहे त्यांत घाना आहे, तरी मुली जातात, आणि त्यांना दोष देणं मला जमत नाही. तीही एकदा प्रयत्न करून बसली होती. एका युरोपीय देशाच्या वकिलातीने तिला प्रशिक्षणासाठी व्हिसा नाकारला. ‘ही परत जाईल याची खात्री नाही’ असं कारण दिलं. ते पत्र तिने मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, “माझी आई इथे आहे, माझा मामा इथे आहे, माझी जमीन इथे आहे. मी परत कशाला येणार नाही?” तिला व्हिसा न मिळाल्यापेक्षा या वाक्याचा राग जास्त आला होता.

पण पश्चिम आफ्रिकेच्या आत ती मोकळी फिरते, आणि हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. इकोवास हा तिथल्या देशांचा संघ १९७५ मध्ये झाला आणि १९७९ च्या करारानुसार सदस्य देशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्य देशात ९० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. अक्राहून बसने निघून टोगोतलं लोमे, बेनिनमधलं कोटोनू, नायजेरियातलं लागोस करता येतं. मी तिच्याबरोबर आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानला गेले होते. सीमेवर तिच्यापाशी एक साधं कागदपत्र, माझ्यापाशी पासपोर्ट, व्हिसा, पीतज्वराचं पिवळं कार्ड आणि शंभर प्रश्न. वाटेतल्या नाक्यांवर ‘चहापाण्याचे’ मागणारे भेटतात. ती हसून, गावाचं नाव विचारून, कुठलं तरी नातं काढून दोन्ही देशांच्या नाक्यांतून सुटायची. आयव्हरी कोस्टला लागून असलेल्या साम्पा गावाच्या बाजूला तर सीमा ही नुसती रेघ आहे. ग्यामन लोकांचं राज्य इंग्रज आणि फ्रेंच यांनी मधोमध कापलं, तिच्या आजीचे चुलत पलीकडे बोंडुकूकडे आहेत. आयव्हरी कोस्ट हा जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक. पलीकडे भाव चढला की अलीकडची बी रातोरात तिकडे जाते, उतरला की तिकडची इकडे येते. त्यासाठी ती रेडिओ ऐकून फ्रेंच शिकली. तू निदान आकडे तरी फ्रेंचमध्ये शिकून जा.

या मोकळ्या फिरण्याला दुसरी बाजूही आहे. तिची आई लहान असताना तिचे आजीआजोबा लागोसमध्ये काम करत होते. जानेवारी १९८३ मध्ये नायजेरियाने कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना देश सोडायला सांगितलं, त्यात दहा लाखांच्या आसपास घानाचे लोक होते. मिळेल त्या ट्रकमधून माणसं परतली. आपण गावी जाताना नेतो ती चौकड्यांची प्लास्टिकची मोठी पिशवी असते ना, तिला नायजेरियात आजही ‘घाना मस्ट गो’ म्हणतात. आणि त्याआधी १९६९ मध्ये घानानेही असंच नायजेरियाच्या लोकांना घालवलं होतं, हे ती स्वतःहून सांगायची. तिच्या आजीकडे त्यातली एक पिशवी अजून आहे, तिच्यात ती कापडं ठेवते. “प्रवासाला निघताना घर बांधून ठेवावं,” असं ती म्हणायची ते यातून आलेलं. परदेशी गेलेले घानावासी आधी गावात घराचा पाया घालतात, वर्षाला चार विटा चढवतात. अर्धवट भिंतींची अशी घरं तुला रस्त्याने सगळीकडे दिसतील. त्यांना पडकी समजू नकोस.

एक शब्द सांगते. तिथे कोणी उठून बाहेर जाताना “आय अ‍ॅम कमिंग” म्हणतं. नव्या माणसाला कळत नाही, येतोय की जातोय? अकान लोकांच्या त्वी भाषेत ते ‘मेकॉ आबा’ म्हणजे ‘जाऊन येते’. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं. माझी आई दारातून कोणाला ‘जाते’ म्हणू देत नाही. तसंच जेवताना कोणी आलं की “यू आर इन्व्हायटेड” म्हणायचं, आपलं ‘या जेवायला’. डाव्या हाताने काही द्यायचं नाही. तुला ठेच लागली तर तीन अनोळखी माणसं “सॉरी” म्हणतील, त्यांनी काही केलेलं नसताना. निम्मं तुला येतंच आहे.

माणसांबद्दल लिहायला घेतलं की माझा हात थांबत नाही. अकान लोकांत कूळ आईकडून येतं. मूल आईच्या कुळाचं, म्हणजे ‘अबुसुआ’चं. मालमत्ता परंपरेने मामाकडून भाच्याकडे जायची. नवरा वारला की त्याच्या कुळाचे लोक येऊन विधवेला घराबाहेर काढायचे, असं घडत आलेलं. १९८५ च्या वारसा कायद्याने मृत्युपत्र नसेल तर पत्नी आणि मुलांना वाटा दिला, पण गावात आजही त्यावरून भांडणं होतात. तिच्या बाबतीत मात्र ही मामाची रीत तारक ठरली. २०१७ पासून तिकडे वरिष्ठ माध्यमिक शिक्षण मोफत झालं, त्याआधी ती शिकली. तिची फी मामाने भरली. म्हणून आता मामाच्या घरात कोणी आजारी पडलं की पहिला फोन तिला. पगार झाला की मोबाइलवरून पैसे सुटायला लागतात : मामा, धाकटा भाऊ, चर्चचा कल्याण निधी, कोणाची तरी वर्गणी. महिन्याच्या आठ तारखेला तिच्या हातात काय उरायचं ते मी बघितलं आहे. दोनदा ती रडली आहे. “मी कमावते म्हणजे काय, पोस्टमन आहे,” असं म्हणाली होती. हे ओझं आहे. ते गोड करून सांगणार नाही.

सगळ्यांत मोठा खर्च अंत्यविधीचा. माणूस गेलं की शरीर शवागारात ठेवतात, आठवडे, कधी महिने. आठवड्याने एक बैठक होते, तारीख ठरते, फोटोचे मोठे फलक रस्त्याकडेला लागतात. मग शनिवारी काळ्या आणि लाल कपड्यांत सगळा गाव मांडवात जमतो. टेबलावर वह्या घेऊन माणसं बसतात, कोणी किती दिले ते माइकवरून सांगतात आणि देणाऱ्याला पावती मिळते. पहिल्यांदा मी पाकिटावर नाव न घालता पैसे दिले. मला तेच सभ्यपणाचं वाटलं होतं. तिने पाकीट परत आणून दिलं : “नाव घाल. उद्या तुझ्या घरी कोणी गेलं तर यांना कळायला नको का, कोणाकडे यायचं?”

२०१९ च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, माझे वडील वेंगुर्ल्यात गेले. मला फोन आला तेव्हा इकडे सगळं आटोपलंही होतं. तिने विचारलं, अंत्यविधी कधी? मी म्हटलं, झाला. तिला ते समजेचना. सकाळी गेलेलं माणूस संध्याकाळी नाही? नात्यागोत्याला कळवायचं कधी, लांबचा येणार कधी? मला विमान तीन दिवसांनी मिळत होतं. मधल्या शनिवारी सकाळी दार वाजलं. गोदामातल्या सगळ्या बायका, दोन ट्रकचालक, तो नाना, आमच्या सुसूचा संकलक, सगळे काळ्या-लाल कपड्यांत. प्लास्टिकच्या खुर्च्या त्यांनीच आणल्या होत्या. अंगणात बसले. तिने शाळेची एक वही काढली, एकेकाचं नाव आणि रक्कम मोठ्याने वाचली आणि प्रत्येकाला कागदाच्या चिटोऱ्यावर पावती लिहून दिली, माझ्या वडिलांच्या नावाने. तिला ते नाव धड उच्चारता येत नव्हतं, तरी प्रत्येक वेळी पूर्ण घेत होती. ती वही माझ्याकडे आहे. त्यातल्या चौदा घरी पुढे मी गेले, वही बघून.

नंतर एका पावसाळ्यात ती आमच्याकडे वेंगुर्ल्याला आली. काजूच्या कारखान्यात सोलणाऱ्या बायकांच्या हातांवरचे चिकाचे डाग तिने बघितले आणि काही न बोलता स्वतःचे हात शेजारी धरले. आईशी तिचं एका अक्षराविना जमलं. पण रेल्वेत लोकांनी न विचारता तिचे फोटो काढले, एका बाईने तिच्या केसांना हात लावला, कोणी मागून काही बोललं त्याचा अर्थ मी तिला सांगितला नाही. मला लाज वाटली, अजून वाटते. तुला तिकडे मुलं ‘ओब्रोनी’ म्हणून हाका मारतील, म्हणजे परकी, गोरी. त्यात हिणवणं नसतं. तेव्हा तिला इथे काय ऐकावं लागलं ते आठव आणि हसून हात हलव.

तू निघण्याआधी थोडं कामाचं. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घे. ते कार्ड जाताना लागतं आणि परत येतानाही, नसेल तर भारतात विमानतळावरून विलगीकरणात नेतात. हिवताप हलक्यात घेऊ नकोस, मच्छरदाणी पहिल्या रात्रीपासून. खोली कंपनीने दिली नाही तर घरमालक वर्षाचं, दोन वर्षांचं भाडं एकदम मागेल. १९६३ चा कायदा सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ मागू देत नाही, पण कायदा दाखवून खोली मिळत नाही. ओळखीच्या बाईला बरोबर ने, ती बोलेल. रात्री उशिरा लांबचा ट्रोट्रो (तिथली वडापसारखी मिनीबस) पकडू नको. हंगाम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणून डिसेंबरमध्येच पोच. भारतीय सहकाऱ्यांच्या कुंपणाआड सगळा वेळ घालवायची सोय असते, तिथे पोळी मिळते, मराठी नाही तरी हिंदी बोलता येतं. आठवड्यातून एक दिवस तिथे जा, सहा दिवस जाऊ नको.

आईबाबांना मात्र हे सांग की पोचल्याच्या दिवशी कोणीतरी तुला विचारील, कुठल्या वारी जन्मलीस? अकान लोकांत वारावरून नाव पडतं. शुक्रवारची मुलगी अफुआ, शनिवारची आमा, सोमवारची अज्वोआ. मी बुधवारची, म्हणून अकरा वर्षं अकुआ होते. तुझा वार पत्रिकेत असेलच, बघून जा.